बालमजुरीचं संशोधन करणारी मुलं

ढाक्यातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी १९९३-९४ च्या सुमारास लहान मुलांना एका फटक्यात घरी पाठवलं. काढलेल्यांचा तेव्हाचा अंदाज पन्नास हजारांचा होता आणि त्यात मुली जास्त होत्या. निमित्त घडलं होतं अमेरिकेत. आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ साली एक विधेयक मांडलं : ज्या मालाला लहान मुलांचे हात लागले असतील, तो अमेरिकेच्या बंदरात उतरू द्यायचा नाही. या विधेयकाचा पुढे कधीच कायदा झाला नाही. पण बांगलादेशाचा सगळा जीव कपड्यांच्या निर्यातीत. मालकांनी मतदानाची वाट बघितली नाही. गिऱ्हाईक जाण्यापेक्षा पोरं गेलेली परवडली.

काढलेली मुलं शाळेत गेली असतील, असं लांबून वाटणं साहजिक होतं. प्रत्यक्षात काय झालं ते युनिसेफने १९९७ च्या आपल्या वार्षिक अहवालात नोंदवलं. त्यांतली बरीच मुलं दगड फोडताना, रस्त्यावर वस्तू विकताना सापडली, काही मुली वेश्याव्यवसायात ओढल्या गेल्या. कारखान्यातल्या कामापेक्षा ही कामं जास्त धोक्याची आणि जास्त पिळवणुकीची होती. मग धावपळ झाली. जुलै १९९५ मध्ये निर्यातदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्यात करार झाला. शाळेची सोय झाल्याशिवाय मुलाला कामावरून काढायचं नाही आणि शाळेत येणाऱ्याला महिना ३०० टाका विद्यावेतन द्यायचं, असं ठरलं. करार चांगलाच होता, पण तो होईपर्यंत बहुतेक मुलं शहराच्या गल्ल्यांमध्ये दिसेनाशी झाली होती.

हार्किन यांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. चूक वेगळ्याच ठिकाणी होती. आज कामावरून काढलेली मुलगी उद्या सकाळी कुठे जाईल, हा प्रश्न वॉशिंग्टनमध्ये कुणाच्या डोक्यात आला नाही आणि ढाक्यात तो कुणी तोंडातून काढला नाही. उत्तर त्या मुलीला ठाऊक होतं. तिच्या आईला ठाऊक होतं, शेजारच्या मशीनवरच्या बाईलाही ठाऊक होतं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संशोधनाची जी एक शाखा हळूहळू उभी राहिली, तिचा जन्म या चुकीच्या आसपास झाला. काम करणारी मुलं ही नुसती मोजायची वस्तू नव्हेत, त्यांना आपल्या जगण्याबद्दल बरंच कळतं आणि ती स्वतः संशोधन करू शकतात, हे तिचं म्हणणं. ऐकायला हे गोड वाटतं, करायला महाकठीण आहे.

आधी थोडी व्याख्या पाहू, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. मूल काम करतं म्हणजे ते बालमजूरच, असं आंतरराष्ट्रीय करारही म्हणत नाहीत. शाळेतून आल्यावर शेळ्या चारणारा मुलगा आणि दिवसभर ॲसिडच्या हौदाशी उभा असलेला मुलगा यांच्यात फरक आहे. किमान वयाचा करार १९७३ चा. १९९९ च्या १८२ क्रमांकाच्या करारात गुलामगिरी, वेश्याव्यवसाय, अमली पदार्थांची ने-आण आणि शरीर-मनाला इजा करणारी धोकादायक कामं ही बालमजुरीची 'सर्वांत वाईट रूपं' ठरवली आणि ती ताबडतोब बंद करायची जबाबदारी सरकारांवर टाकली. भारताने हे दोन्ही करार २०१७ साली मान्य केले. २०२० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रत्येक सदस्य देशाची १८२ वर सही झाली. संघटनेच्या इतिहासात असं प्रथमच घडलं. कागदावर तर सगळं जग एकमताचं आहे.

मग अडतं कुठे? माहितीत अडतं. शिरगणतीचा कर्मचारी किंवा सर्वेक्षणाचा माणूस दाराशी येतो, घरच्या मोठ्या माणसाला विचारतो, आणि तो माणूस 'पोरगा शाळेत जातो' असं सांगून मोकळा होतो. मालक तर मुलाला आतल्या खोलीत लोटून दार लावून घेतो. आपल्याकडे बीड किंवा अहिल्यानगरहून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाचं बघा. उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला. फडात मोळ्या बांधू लागणाऱ्या, कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचं नाव मुकादमाच्या वहीत कुठेच नसतं. तिची मजुरी कुणी वेगळी मोजत नाही, म्हणून तिचं काम दिसतही नाही. तिलाच विचारलं तर ती दिवसभराचा हिशेब तासासकट सांगेल.

मुलांना नीट विचारायचं कसं, याचे पहिले धडे शिकवणाऱ्यांत ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतले मार्टिन वुडहेड येतात. 'रेड्डा बार्नेन' या स्वीडिश संस्थेसाठी त्यांनी बांगलादेश, इथिओपिया, फिलिपिन्स आणि मध्य अमेरिकेतल्या काही देशांत तीनशेच्या वर काम करणाऱ्या मुलांबरोबर अभ्यास केला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रश्नावली पुढे केली की गरीब घरातलं मूल गप्प होतं किंवा समोरच्याला हवं ते बोलतं. म्हणून वुडहेड यांनी चित्रं काढायला लावली, नकला करायला लावल्या, वेगवेगळ्या कामांची चित्रं असलेले पत्ते हातात देऊन त्यांची क्रमवारी लावायला सांगितली. वाचता न येणारं मूलही यात बरोबरीने भाग घेऊ शकत होतं. मुलांनी जे सांगितलं त्याने बऱ्याच तज्ज्ञांची कुचंबणा झाली. कामात धूर, धूळ, धारदार हत्यारं यांचा त्रास होताच. पण मुलं तितक्याच जोराने सांगत होती ती मारहाणीबद्दल, शिव्यांबद्दल, ठरलेले पैसे बुडवण्याबद्दल, चारचौघांत केलेल्या अपमानाबद्दल. धोकादायक कामांच्या सरकारी यादीत रसायनं असतात, यंत्रं असतात. अपमानाचा रकाना अजून कुठल्या यादीत पाहिलेला नाही.

त्याच सुमाराला ही मुलं स्वतःही बोलू लागली होती. कोकण रेल्वेने गोव्याच्या खाली गेलं की कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कुंदापूर लागतं. १९९६ च्या हिवाळ्यात तिथे जगातल्या तीसहून अधिक देशांतल्या काम करणाऱ्या मुलांच्या चळवळींचे प्रतिनिधी जमले. यजमान होती 'भीमसंघ' ही कर्नाटकातल्या काम करणाऱ्या मुलांची संघटना. 'कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन' या बंगळूरच्या संस्थेच्या पाठबळावर ती १९९० च्या सुमारास उभी राहिली होती. कुंदापूरला मुलांनी दहा कलमी जाहीरनामा काढला. पिळवणुकीला विरोध, मानाने करता येईल अशा कामाला आणि त्याबरोबर शिकायला वेळ मिळण्याला पाठिंबा, मुलांनी बनवलेल्या मालावरच्या बहिष्काराला विरोध, आणि आमच्याबद्दल काही ठरवायचं असेल तर आम्हाला विचारून ठरवा, असा त्याचा सूर होता. बहिष्काराबद्दलचं कलम वाचताना ढाक्याची आठवण येतेच.

भीमसंघाच्या मुलांनी घोषणांपलीकडचंही काम केलं. त्यांनी आपापल्या गावात पाहण्या केल्या. लहान मुलं पावसाळ्यात अंगणवाडीत आणि शाळेत का येत नाहीत, याची कारणं शोधली. अनेक ठिकाणी कारण निघालं ते ओढ्याचं. पाणी चढलं की एका ओंडक्यावरून पलीकडे जायचं, आणि लहान मूल काही त्यावरून जाऊ शकत नाही. मुलांनी नकाशे काढले, कुठे साकव हवा ते दाखवलं, आणि गावातल्या मुलांनीच निवडलेल्या मुलांच्या पंचायतीने ती मागणी ग्रामपंचायतीपुढे ठेवली. साकव झाले. बालमजुरीवरच्या जाडजूड अहवालांत साकव हा शब्द सहसा सापडत नाही, पण शाळेतून गळलेलं मूल मजुरीकडे वळतं हे प्रत्येक अहवालात असतं.

या सगळ्याच्या मुळाशी जो विचार आहे त्याचा एक धागा महाराष्ट्रात येतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. ज्यांचा प्रश्न आहे त्यांनीच त्याचा अभ्यास करावा, बाहेरच्या अभ्यासकाने सोबत करावी, आणि अभ्यासातून कृती निघावी, या पद्धतीला सहभागी कृतिसंशोधन म्हणतात. लॅटिन अमेरिकेत ब्राझीलचे पाउलो फ्रेरे आणि कोलंबियाचे ओर्लांदो फाल्स बोर्दा यांची नावं त्यासाठी घेतली जातात. आशियात ज्यांनी हा विचार पुढे नेला त्यांत बांगलादेशाचे अर्थतज्ज्ञ अनिसुर रहमान होते. ते जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत ग्रामीण गरिबांच्या संघटनांवर काम करत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली जो दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा विषय होता पालघरची भूमिसेना. काळूराम धोदडे यांच्या नेतृत्वाखालच्या आदिवासींनी जमिनीसाठी आणि वेठबिगारीविरुद्ध लढताना आपल्या परिस्थितीचा विचार आपणच कसा केला, बाहेरच्यांना कुठे थांबवलं, हे त्यात आहे. सहभागी संशोधनाच्या जागतिक वाङ्मयात पालघरचं नाव असं जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीच गेलं आहे. पुढे ढाक्यात मुलांनी जे संशोधन केलं त्याच्या पूर्वसूरींत आपल्याकडचे वारली आणि कोकणा शेतमजूर येतात, असं म्हणायला हरकत नाही.

आता ढाका, पण या वेळी कपडे नव्हेत, चामडं.

जुन्या ढाक्याच्या पश्चिमेला, बुढीगंगेच्या काठी हजारीबाग आहे. अनेक दशकं देशातलं बहुतेक कातडं इथेच कमावलं जाई. कातडं कमावण्यासाठी क्रोमियमचे क्षार वापरतात, त्यामुळे ते निळसर दिसतं. हे पाणी गटारातून थेट नदीत जात असे. ह्यूमन राइट्स वॉचने २०१२ च्या अहवालात या कारखान्यांत रसायनांच्या हौदाशी, यंत्रांशी आणि धारदार पात्यांशी काम करणाऱ्या मुलांची नोंद केली, त्यांत अकरा वर्षांची मुलंही होती. न्यायालयाच्या आदेशाने २०१७ मध्ये कारखान्यांची वीज-गॅस तोडली आणि ते सावरला हलवले गेले. पण कातडं कमावणं ही साखळीतली एकच कडी. कच्चं कातडं गोळा करायचं, मीठ लावायचं, वाहायचं, कापायचं, तुकडे निवडायचे, चिकटवायचे, शिवायचे, पॉलिश करायचं, उरलेल्या चिंध्यांचंही काहीतरी करायचं. ही कामं घराघरांत, दहा बाय बाराच्या खोल्यांत चालतात. ती कुठेही गेली नाहीत.

या गल्ल्यांमध्ये 'क्लॅरिसा' नावाचा प्रकल्प चालला. ब्रिटनच्या सरकारी मदतीतून, तिथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज' या संस्थेच्या पुढाकाराने, आणि 'टेर दे झोम', 'चाइल्डहोप' यांच्यासह ढाक्याची 'ग्रामबांगला उन्नयन कमिटी' आणि काठमांडूतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या भागीदारीत. बांगलादेश, नेपाळ आणि म्यानमार असे तीन देश ठरले होते. मध्येच कोविड आला. म्यानमारमध्ये २०२१ ला लष्करी उठाव झाला आणि तिथलं काम थांबलं. उरलेल्या दोन देशांतलं २०२४ पर्यंत चाललं.

प्रकल्पाची सुरुवात प्रश्नावलीने झाली नाही. मुलांकडून त्यांची गोष्ट ऐकायची, जशी सांगतील तशी, असं ठरलं. आणि ऐकणाऱ्यांत मोठी माणसं होती तशी काम करणारी किशोरवयीन मुलंही होती, त्यांना त्याचं प्रशिक्षण दिलं होतं. दोन देशांत मिळून सुमारे आठशे जीवनकथा जमल्या. चिकटवण्याचं काम करणाऱ्या मुलाशी त्याच गल्लीतलं दुसरं मूल बोलतं तेव्हा अर्ध्या गोष्टी सांगाव्याच लागत नाहीत. ठेकेदार कुठला, पगार कुठल्या दिवशी टळतो, हे दोघांनाही माहीत असतं. बाहेरच्या बाईंसमोर जे लाजेने दडवलं जातं, तेही इथे निघतं.

पण खरी गंमत पुढच्या पायरीत आहे. सर्वसाधारणपणे माहिती गोळा करणारे वेगळे आणि तिचा अर्थ लावणारे वेगळे असतात. पहिले उन्हात, दुसरे वातानुकूलित खोलीत. इथे अर्थ लावायलाही मुलंच बसली. एकेक गोष्ट वाचायची, त्यात काय कशामुळे घडलं ते शोधायचं, प्रत्येक घटना कागदावर मांडायची आणि बाण काढून जोडायची. मग दुसरी गोष्ट, तिसरी गोष्ट. सारख्या घटना एकमेकींवर बसवत मोठा नकाशा तयार होतो, आणि कुठल्या ठिकाणी सगळ्यात जास्त बाण येऊन मिळतात ते उघड दिसतं. उदाहरणार्थ अशी साखळी घ्या : बाप आजारी पडतो, दवाखान्यासाठी कर्ज काढलं जातं, हप्त्यासाठी थोरला मुलगा शाळा सोडून चिकटवायच्या कामाला लागतो, बंद खोलीत सोल्यूशनचा वास घेऊन वर्षभरात त्याचंच डोकं-पोट बिघडतं, आणि पुन्हा दवाखाना, पुन्हा कर्ज. बुटांच्या सोल्यूशनमध्ये टोल्युईन, हेक्झेनसारखे द्रव असतात. त्यांची वाफ सतत नाकात गेली तर चक्कर, मळमळ, डोकेदुखी होते, आणि हेक्झेनने हातापायांच्या नसाही दुबळ्या होतात. साखळी फिरून जिथून निघाली तिथेच येते. 'गरिबीमुळे बालमजुरी' हे आपण सगळे म्हणतो. ते खोटं नाही, पण त्याने काही करता येत नाही. घरातलं आजारपण आणि त्यासाठीचं कर्ज हे ठिकाण हाती लागलं, तर करता येण्यासारखं काहीतरी दिसू लागतं : स्वस्त दवाखाना, व्याजाचा दर, कमावत्या माणसाच्या आजारपणात मिळणारी मदत.

मुलांच्या दिवसांचाही नकाशा काढला गेला. मुलं कुठे जातात, किती वेळ थांबतात, वाटेत काय वाटतं, हे फोनवरच्या यंत्रणेने आणि त्यांच्या स्वतःच्या नोंदींनी टिपलं. त्यातून दिसलं की धोका कारखान्याच्या दारात सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही. रात्री उशिरा परतताना गल्लीच्या तोंडाशी बसलेली नशा करणारी टोळकी, मुलींना होणारा त्रास, उघडी गटारं, झोपायला जागा नसलेलं घर. कामाच्या जागेची तपासणी करणारा सरकारी निरीक्षक या रस्त्यावर कधी येणार? तो त्याच्या अधिकारातच नाही.

सगळ्यात अनपेक्षित गोष्ट मालकांची. बालमजुरीच्या कथेत मालक म्हटला की पोट सुटलेला, अंगठ्या घातलेला माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. हजारीबागेत मुलांकडून काम करून घेणारे बरेच जण स्वतःच कसेबसे तगून असलेले निघाले. एक खोली, दोन यंत्रं, उधारीवर आणलेला माल, वरच्या व्यापाऱ्याकडून अडकलेलं बिल. अनेक जण लहानपणी अशाच खोलीत काम शिकलेले. परदेशी ब्रँड ज्यांची तपासणी करतात ते मोठे कारखाने आणि मुलं जिथे सापडतात त्या खोल्या यांच्यात ठेकेदारांचे इतके थर आहेत की निर्यातीवरच्या बहिष्काराचा फटका जिथे बसायला हवा तिथे पोचतच नाही. बऱ्याच खोल्यांतला माल तर देशातच विकला जातो. बकरी ईदच्या हंगामात वर्षभराच्या कातड्यापैकी निम्म्याच्या आसपास कातडं येतं. तेव्हा कामाचे तास कुणीच मोजत नाही.

म्हणून प्रकल्पाने मालकांनाही बसवलं. मुलांचे गट, पालकांचे गट तसे छोट्या मालकांचेही गट. हे गट महिनोन्‌महिने भेटत, एखादा उपाय ठरवत, करून बघत, फसला तर पुन्हा बसत. कृतिसंशोधन म्हणतात ते हे. मालकाला तुरुंगात टाकायचं सोडून त्याच्याशी चहा पीत बोलायचं, हे अनेकांना रुचणार नाही. मलाही वाचताना चरफडायला झालं. पण ज्या खोलीला परवाना नाही, पाटी नाही, तिथे कायदा शिरायचा तर आतून कुणीतरी दार उघडावं लागतं.

हजारीबागेतल्याच गजमहल वस्तीत आणखी एक प्रयोग झाला. तिथल्या कुटुंबांना सहा महिने थेट पैसे दिले गेले, कुठलीही अट न घालता. मूल शाळेत पाठवलं तरच पैसे, असंही नाही. सोबत कार्यकर्ते घरोघरी जात, एकेका कुटुंबाच्या अडचणीत हात घालत आणि वस्तीला एकत्र आणत. पैसे कशावर खर्च करायचे हे कुटुंबाला बाहेरच्यापेक्षा जास्त कळतं, या भरवशावर ते उभं होतं. तो भरवसा योग्य आहे असं मला वाटतं. मात्र सहा महिन्यांची मदत सहा महिन्यांचीच असते, आणि सावकाराचं व्याज सातव्या महिन्यातही चालू राहतं.

काठमांडूत विषय आणखी अवघड होता. डान्स बार, दोहोरी म्हणजे रात्री लोकगीतांच्या जुगलबंद्या चालणारी हॉटेलं, केबिन रेस्टॉरंट, खाजाघर म्हणजे छोट्या खानावळी, मसाज पार्लर. या 'करमणुकी'च्या धंद्यात अल्पवयीन मुली आणि काही मुलगेही असतात, आणि खाण्यापिण्याच्या व्यवसायाआडून लैंगिक पिळवणूक चालते. इथल्या मुलांच्या कथांमधून जो नकाशा निघाला त्यात पैशाइतकाच मोठा भाग घरातल्या हिंसेचा होता : बापाचं दारूचं व्यसन, आईला मारहाण, सावत्र नातं, लवकर झालेलं लग्न. दलालाने फसवून आणलं ही सिनेमात दिसणारी कथा होती, पण मैत्रीण किंवा नात्यातली बाई 'चल, काम मिळेल' म्हणून घेऊन आली, ही जास्त. याचा अर्थ सीमेवर गस्त वाढवून आणि दलालांचे फोटो लावून या मुलींपैकी अनेकींपर्यंत आपण पोचणारच नाही. घरातल्या मारहाणीपासून पळालेल्या मुलीला 'सोडवून' पुन्हा त्याच घरी नेऊन पोचवणं हा उपाय कसा असेल?

इथवर वाचून हे संशोधन म्हणजे रामबाण वाटत असेल तर थोडं थांबावं. मुलांच्या सहभागाचं नाटक करणं फार सोपं असतं. अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग म्हणायलाच नकार दिला. मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, या त्या तीन पायऱ्या. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांना तिसऱ्या पायरीपर्यंत चढायलाही धाप लागेल.

दुसरी अडचण वेळेची. दिवसाला दहा-बारा तास राबणाऱ्या मुलाने संशोधनाला बसायचं ते कधी? त्याची एक दिवसाची मजुरी बुडते ती कोण देणार? पैसे दिले तर 'पैशासाठी बोलला' असं म्हणतात, न दिले तर गरीब मुलाकडून फुकट काम करून घेतल्यासारखं होतं, म्हणजे पुन्हा बालमजुरीच. गोष्ट सांगताना एखादी मुलगी अत्याचाराबद्दल बोलली, आणि ऐकणारी चौदा वर्षांची आहे, तर ते ओझं तिने कुठे ठेवायचं? मालकाला कळलं तर? या प्रश्नांची तयारी करूनच उतरावं लागतं. समुपदेशक जवळ हवा, धोका दिसला तर काय करायचं ते आधी ठरलेलं हवं, आणि नावं कुठेच उघड होता कामा नयेत. ज्या संस्थेकडे हे नाही, तिने मुलांना संशोधक बनवण्याच्या फंदात पडू नये.

आणि तिसरा प्रश्न खराखुरा मतभेदाचा. मुलांचं ऐकायचं म्हणजे ती म्हणतील तसं करायचं का? बोलिव्हियात काम करणाऱ्या मुलांच्या संघटनेने २०१३ च्या डिसेंबरमध्ये मोर्चा काढला, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मोठा गदारोळ झाला. २०१४ च्या कायद्यात सरकारने काही अटींवर दहा वर्षांच्या मुलांनाही स्वतःचं काम करायची मुभा दिली. जगभरातून टीका झाली. २०१७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तरतूद रद्द केली आणि पुढच्या वर्षी वय पुन्हा चौदावर आलं. माझं मत विचाराल तर दहा वर्षांच्या मुलाला कामाची कायदेशीर परवानगी देणं ही चूकच होती. ज्या मुलाने शाळा चांगली चालताना कधी पाहिलीच नाही, त्याची निवड पूर्ण मोकळी नसते. पण मोर्चातली मुलं ज्या तक्रारी सांगत होती, बुडवलेली मजुरी आणि पोलिसांचा त्रास, त्या वयाचा आकडा पुन्हा वर नेल्याने मिटल्या नाहीत. मुलांचं निदान नेमकं असू शकतं आणि त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा. डॉक्टरही रोग्याचं सगळं ऐकतो आणि औषध आपण लिहितो. न ऐकता लिहिणाऱ्याकडे मात्र आपण पुन्हा जात नाही.

धोरणं ठरवणारे हे मान्य करायला फार वेळ लावतात. बालमजुरीविरोधी जागतिक परिषद १९९७ पासून भरते आहे, पण डर्बनला २०२२ साली भरलेल्या पाचव्या परिषदेत मुलांना प्रथमच प्रतिनिधी म्हणून जागा मिळाली. कुंदापूरच्या जाहीरनाम्याला तोवर पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

आकडेही बरे नाहीत. बांगलादेशाच्या २०२२ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १७ लाख ८० हजार बालमजूर आढळले, त्यांतले १० लाख ७० हजार धोकादायक कामात. जगात २०२० साली १६ कोटी बालमजूर होते. ताज्या, म्हणजे २०२४ च्या अंदाजात ही संख्या १३ कोटी ८० लाखांवर आली, पैकी ५ कोटी ४० लाख मुलं धोकादायक कामात आहेत. घट खरी आहे आणि तिचं स्वागतच करायला हवं. पण सगळ्या प्रकारची बालमजुरी २०२५ पर्यंत संपवायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट हुकलं. पुढच्या पाच वर्षांत ती संपवायची असेल तर आजच्या अकरा पट वेग लागेल, असा हिशेब युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेच मांडला आहे.

आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवणं आणि १८ वर्षांखालच्यांना धोकादायक कामावर ठेवणं २०१६ पासून गुन्हा आहे, पण घरच्या व्यवसायात शाळेव्यतिरिक्तच्या वेळी मदतीची सूट आहे. एखादं मूल अशा कामात दिसलं तर १०९८ या क्रमांकावर फोन करावाच. मात्र छापा पडला, बातमी आली म्हणून आपलं काम झालं असं समजू नये. आठवड्याने, महिन्याने पुन्हा फोन करून विचारावं : ते मूल आता कुठे आहे, आणि पुढे काय करायचं हे ठरवताना त्याला कुणी विचारलं होतं का?